लिलाबाईचा हात

मंजुळाबाईला मिळवायचा होता फक्त एक दिवस. चैत्रातला, कोरडा, कडक उन्हाचा. त्याच्यापलीकडे आपला काडीचा स्वार्थ नव्हता, असं ती पुढं वर्षभर स्वतःला सांगत राहिली, आणि नुसती बेरीज पाहिली तर ते खोटंही नव्हतं.

सोनगीरचा किल्ला पाठीशी टाकून, आग्रा रोड सोडून तीन मैल आत गेलं की तिचं गाव. मातीच्या धाब्याची घरं एकमेकाला अशी चिकटलेली, की पहिल्या घराच्या धाब्यावर चढलेली बाई पाय खाली न टेकवता शेवटच्या घरी जाऊन उसनी साखर आणू शकायची. त्या आळीत उन्हाळ्याचे पापड एकटीनं करायची रीत नव्हती. अकरा घरांचा फेरा असायचा. आज हिच्याकडे दहाजणी पोळपाट-लाटणं काखेत मारून जायच्या, परवा तिच्याकडे हिनं जायचं. मोबदला म्हणजे दोन वेळचा चहा आणि तेलात बुडवलेली पापडाची लाटी. पण कोण कुणाकडे किती वाजता आली, कुणी हात चालवला आणि कुणी नुसतं तोंड, हे अकराही जणींना पाठ असायचं. तोंडपाठ हिशेबाला कागद लागत नाही, म्हणून तो फाडताही येत नाही.

कुणाचा दिवस कधी, हे पाडव्याला ठरायचं. अकरा लाटणी एका टोपलीत टाकायची. आळीतली सगळ्यांत मोठी द्रौपदाबाई, तिला सगळ्या अक्का म्हणायच्या, ती डोळ्यांवर पदर ओढून एकेक लाटणं उचलायची. ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं दिवस. रामनवमी झाली की दुसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड फेरा सुरू.

त्या साली, अठ्ठ्याऐंशीची गोष्ट, लिलाबाईचं लाटणं पहिलं निघालं. बाभळीचं, मधोमध झिजून बारीक झालेलं. मंजुळाबाईचं निघालं अगदी शेवटी.

शेवटचा दिवस म्हणजे आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, तीन दिवस आधी. आणि आखाजीला मंजुळाबाईच्या सुमनचं लग्न. पापडाला तीन कडक उन्हं लागतात, आणि आखाजीच्या तोंडावर आभाळ आल्याशिवाय राहत नाही. ओलसर पापड रुखवतात मांडायचे, म्हणजे चाळीसगावच्या विहिणीच्या हातात आयुष्यभराची काठी द्यायची. पहिला दिवस मिळाला तर सगळं निभत होतं.

लिलाबाईकडे नुसता मागितला असता तर तिनं दिला असता. भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. नवरा दहा वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा रुपचंद जळगावला पिंप्राळ्यात बांधकामावर. सुमनला पोळपाटाशी बसवून पहिली लाटी हातात दिली ती लिलाबाईनंच. पण मागितलं की उपकार होतो, आणि लिलाबाईचा आणखी एक उपकार मंजुळाबाईला सोसवला नसता. कारण आधीचं एक प्रकरण मिटायचं होतं.

गेल्या साली पापडखार मंजुळाबाईनं स्वतः धुळ्याहून आणला होता. रस्त्यावर पाल टाकून बसलेल्या एका माणसाकडून, स्वस्त मिळाला म्हणून. लिलाबाईनं पीठ भिजवायला घेतलं, चिमूटभर खार जिभेवर ठेवला आणि थुंकली.

"मंजू, हाऊ खार नही, माती शे. दुसरा आन."

"दिवस मोडी जाई ना," मंजुळाबाई म्हणाली. "टाक तू."

लिलाबाईनं टाकला. मग माघात चाळीसगावची प्रमिलाबाई मुलगी बघायला आली. पंगतीत पापड वाढले, ते विटेसारखे लाल. प्रमिलाबाईनं पापड उजेडाकडे धरून पाहिला.

"पापड लाल पडना वं. उडीद जुना का?"

दारामागं सुमन कान देऊन उभी. नवरा सुपडू ताटाकडे बघत बसलेला. पुढच्या क्षणी तोंडातून जे निघालं ते मंजुळाबाईनं ठरवलं नव्हतं. पाय घसरला की हात जवळचं काही पकडतो, तसं ते आलं.

"उडीद घरना शे, नवा. पीठ शेजारनी लिलाबाईनी मळेल शे. एखादीना हातच तसा राहस, काय करशात?"

"राहस खरा," प्रमिलाबाई म्हणाली आणि पापड मोडून खाल्ला. लग्न जमलं. बोलणं धुळे-चाळीसगाव पॅसेंजरनं विहिणीबरोबर निघून गेलं.

ते चैत्रात परत आलं. आळीतल्या पुष्पाबाईचं माहेर चाळीसगाव. ती भाचीच्या बारशाला गेली आणि तिथून कुंची-टोपड्यांबरोबर हेही घेऊन आली. नळावर रांग लागलेली, हंडे उन्हात तापलेले.

"ओ माय, चाळीसगावले तर घरघर माहीत शे. म्हणे तुमना गावमा एक बाईना हात लागना की पापड रगतसारखा लाल व्हस."

"कोन बाई?" द्रौपदाबाईनं विचारलं.

"नाव मी कसाले लेऊ? एकली राहस, एवढंच सांगस."

मंजुळाबाईला आपलं बोलणं आधी ओळखूच आलं नाही. घरातून गेलं तेव्हा ते साधं होतं, पंगतीत लाज झाकण्यापुरतं. आता त्याच्यात रगत होतं, घरघर होतं, शहराचा वास होता. क्षणभर तिलाही वाटलं, खरंच असेल का? मग ओळखलं. ओळखल्यावर हंडा खाली ठेवून 'हे माझं' म्हणायला एक क्षण होता. द्रौपदाबाई तिच्याकडेच बघत होती. शेजारीण म्हणून तिला विचारण्यात अर्थ होता.

"म्हणतस खरं," मंजुळाबाई म्हणाली.

दोन शब्द. ती खोटं बोलली असंही कुणाला म्हणता येणार नाही.

तीन दिवसांनी द्रौपदाबाई लिलाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. मंजुळाबाई आतून, भिंतीपलीकडून ऐकत होती.

"लिला, मंजूनी पोरनं लगीन शे. तुना दिन तिले दे. तू तिना जागावर, मागून कर."

"दिला," लिलाबाई म्हणाली. मग विचारलं, "माले इचाराले मंजू काबर नही उनी?"

द्रौपदाबाईनं गुडघ्यावर हात टेकला आणि ती उठली.

पहिला दिवस मंजुळाबाईचा झाला. खार यंदा तिनं सुपडूला पाठवून मोठ्या किराणा दुकानातून आणवला होता, पुडी हुंगून, चाखून. पहाटेपासून पीठ कुटायला घेतलं. दगडावर तेलाचा हात फिरवायचा, गोळा ठेवायचा, दोघींनी समोरासमोर उभं राहून मुसळी घालायची. धप्. धप्. खांदे भरून आले, कोपरापर्यंत तेल उतरलं. नऊजणी आल्या. दहावीला बोलवणं गेलं नव्हतं. कुणी विचारलं नाही. फक्त भिंतीकडची जागा मोकळी ठेवून सगळ्या जरा दाटीनं बसल्या.

संध्याकाळी नमुन्याचा एक पापड तळला. चुन्यासारखा पांढरा.

"देखं?" पुष्पाबाई म्हणाली.

झालं. आता नुसतं बोलणं राहिलं नव्हतं, पुरावा मिळाला होता. लिलाबाई नव्हती आणि पापड पांढरा पडला होता. खार बदललाय हे एका मंजुळाबाईला ठाऊक होतं, आणि तिनं तो पापड मोडून नऊ वाटे केले.

मग पुढच्या घरानं लिलाबाईला बोलावलं नाही, कारण मंजुळाबाईनं बोलावलं नव्हतं. त्याच्या पुढच्यानं नाही, कारण दोघींनी नव्हतं. प्रत्येकीचं गणित सरळ होतं: एका हातासाठी नऊ हात कोण घालवील? नळावर लिलाबाई आली की रांग मोडत नसे, फक्त प्रत्येकीला आपला हंडा आधी भरल्याची आठवण होई. पुष्पाबाईनं नातवाच्या कानामागं काजळाचा ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी आळीतल्या पाचही लहानग्यांच्या कानामागं ठिपके होते.

अकरावा दिवस आला, लिलाबाईचा. आणि हिशेब असा पक्का बसला होता, की कुणाला वाईट वागायची गरजच उरली नाही. लिलाबाई यंदा कुणाच्या घरी लाटायला गेली नव्हती. मग तिच्या घरी कुणी का जावं? फेऱ्याचा नियमच तो.

सकाळी आठला भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला. धप्. मग बराच वेळ काही नाही. धप्. समोर दुसरी मुसळी नसली की गोळा पलटायला थांबावं लागतं. मंजुळाबाई लग्नाचे गहू वाळवायच्या निमित्तानं धाब्यावर चढली. बघते तर प्रत्येक धाब्यावर एकेक बाई होती. कुणी कुरडया उलटत होती, कुणी गोधडी झटकत होती. सगळ्यांची कामं धाब्यावर निघाली होती, आणि सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. मंजुळाबाई द्रौपदाबाईकडे बघत होती: अक्का उतरली तर मीही उतरेन. पायात वहाण सरकवलेली होती. लाटणं कमरेला खोचलेलं होतं, का खोचलं ते तिला सांगता आलं नसतं. द्रौपदाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून कुरडई उलटली.

बाराच्या सुमाराला लिलाबाई वर आली. लुगडं घामानं पाठीला चिकटलेलं, हात खांद्यापासून लोंबत असल्यासारखे. दीडशे-दोनशे पापड असतील, तिनं ते जुन्या पातळावर एकेक करून पसरले. मग उभी राहिली आणि सगळ्या धाब्यांवरून नजर फिरवली, सावकाश, एकेक घर. नजर जसजशी फिरली तसतशी एकेक बाई वाकत गेली.

दुपारी पश्चिमेकडून धूळ उठली, वावटळ आली. लिलाबाई खाली पीठ कुटत होती. ती वर पोहोचेपर्यंत पातळाची कड उलटली आणि पापड उडाले. पांढरे, पातळ, गावभर. कुणाच्या शेणात पडले, कुणाच्या चुलीपुढं. एक मंजुळाबाईच्या गव्हावर येऊन पडला. तिनं उचलला. पलीकडचं बोट दिसावं इतका नितळ होता.

घरात कुणी नसताना तिनं तो तळला. कढईत चांदणं पडावं तसा तो फुलला. तिनं तो चुलीजवळ उभ्यानंच खाल्ला. कुणाला दाखवला नाही.

आखाजीला सुमनचं लग्न लागलं. रुखवतात पापडांची चळत पाहून प्रमिलाबाईनं मान डोलावली. पण मांडणीच्या कडेला, पितळी डब्याशेजारी, एक लाटणं होतं, बाभळीचं, मधोमध झिजलेलं.

"हाई कोनी ठेवं?" मंजुळाबाईनं हळूच विचारलं.

"लिलाकाकूनी दिधं," सुमन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दारमाच हातमा ठेवं अन् ती चालनी गयी. म्हने, याच्यावर शिकनी, हाईच ली जाय."

काढून टाकावं तर सगळी पंगत बघत होती. ठेवावं तर ठेवावंही वाटेना. मंजुळाबाईनं ते डब्याच्या मागं सरकवलं, आणि सुमनच्या संसाराबरोबर ते चाळीसगावला गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लिलाबाई जळगावला निघून गेली. दाराला कुलूप, उंबऱ्यावर पालथी घातलेली टोपली.

आवाज सुरू झाला तो त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. भर दुपारी, आळी झोपलेली, कुत्री सावलीला. मंजुळाबाई सुपात तांदूळ निवडत होती. भिंतीपलीकडून: धप्. मग थांबणं. गोळा पलटायला लागेल तेवढं. धप्.

"आयकं का?" तिनं सुपडूला विचारलं.

"कोनी लाकडं फोडी राहिना व्हई."

"कुलूप शे तठे."

"मंग उंदरं व्हतीन," म्हणून तो कुशीवर वळला.

ती ओट्यावरून जाऊन कुलूप हलवून आली. कुलूप तापलेलं होतं, हाताला चटका बसला. आषाढात पाऊस पडला, तरी दुपार झाली की आवाज येई. श्रावणात आळीत कानबाई देवी बसली, सगळ्या गात होत्या, तेव्हाही तिला गाण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत तो ऐकू आला. मेलेल्याचं भूत असतं तर भगताकडून उतरवता येतं. जित्या माणसाचं भूत कोण उतरवणार? लिलाबाई तर तिकडे पिंप्राळ्यात ठणठणीत होती. रिक्षावाल्यांनी, मास्तरांनी घरं बांधलेल्या वसाहतीत ती पापड लाटून देते आणि तिच्या पापडांसाठी बाया नंबर लावतात, अशी खबर दिवाळीला पुष्पाबाईनंच आणली होती. "तठला लोके काय जाने," असंही ती म्हणाली.

एका दुपारी मंजुळाबाईला राहवेना. ती उठून द्रौपदाबाईकडे गेली.

"अक्का, तुमले खरं वाटनं व्हतं का? तिना हातनं?"

द्रौपदाबाई वाती वळत होती. "माले? तीस साल तिना संगे लाटं मी. माले कसाले खरं वाटी? पन मी तिले बलावती, तर तुम्ही माना घर येत्यात का? पुष्पी तर गावभर करती."

पुष्पाबाई म्हणाली, "मी जे आयकं ते सांगं. खरं तं अक्कानी मानं. त्या दिन अक्का खाले उतरती, तर मीबी उतरती."

तिसरी म्हणाली, पुष्पा गेली असती तर. चौथी म्हणाली, तिसरी. मंजुळाबाई घरोघर फिरत राहिली. नऊ घरं झाली, आणि त्यात खरं मानणारी एकही बाई सापडली नाही. शेवटच्या घरात एक सून लसूण सोलत होती. ती साधेपणानं म्हणाली, "काकू, आमी तर तुमनाकडे देखी राहिंतूत. भिंतले भिंत तुमनी. तुम्ही जात्यात, तर बठ्ठ्या येत्यात."

मंजुळाबाई घरी आली. भिंतीपलीकडे आवाज चालू होता.

माघात सुमन आली. एकटी, पेटी घेऊन, काही सणवार नसताना. दोन दिवस झाडलोट केली, भांडी घासली. तिसऱ्या दिवशी भाकरी करायला परातीशी बसली आणि पिठात हात घालता घालता थांबली.

"माय, तठे माले पीठले हात लावू देतस नही."

प्रमिलाबाईच्या घरी सुमनच्या थोरल्या जावेचं डोहाळजेवण होतं. पापड कमी पडतील म्हणून सुमन आपलं लाटणं काढून बसली. सासूनं ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. कुणाचं? सुमननं सरळ सांगितलं, लिलाकाकूचं, तिनंच मला शिकवलं. पुढच्याच महिन्यात थोरलीचं पोट पडलं.

"मी बोलनू, असं काई नसतं," सुमन म्हणाली. "सासू बोलनी, मी नही म्हनस, तुनी मायनीच माले सांगेल शे." तिनं आईकडे पाहिलं. "तू काय सांगेल व्हतं, माय?"

चुलीत लाकूड फुटलं. मंजुळाबाईनं फुंकणी उचलली आणि विस्तव चांगला पेटलेला असूनही फुंकत बसली.

पाडवा आला. द्रौपदाबाईच्या ओट्यावर टोपली मांडली होती. मंजुळाबाई आपलं लाटणं घेऊन गेली, तर टोपलीवर आधीच फडकं टाकलेलं.

"मंजू, औंदा तू दम खाय," द्रौपदाबाई म्हणाली. आवाज मऊ होता, आजाऱ्याशी बोलावं तसा. "सुमन घरमा शे. मी काय म्हनस नही. पन सुना-पोरींस्ना घर शेतस."

मंजुळाबाईनं लाटणं दोन्ही हातांनी धरलं होतं. वर्षभर दाबून ठेवलेलं तेव्हा बाहेर आलं.

"तिना हात नव्हता. खार खोटा व्हता. मीच आनेल व्हता धुळाहून. ती सांगी राहिंती, टाकू नको. मीच टाकाले लावं."

तिला वाटलं होतं, आता काहीतरी कोसळेल. कुणी शिव्या देईल, कुणी तोंडावर थुंकेल. कुणी हललंसुद्धा नाही.

"माहीत शे," द्रौपदाबाई म्हणाली. "पुडी मीच सोडी व्हती त्या दिन. पिवळा व्हता खार."

"मंग बोलन्यात काबर नही?"

"खार तुना, पापड तुना, पोर तुनी. तू बोलनी नही, मंग मी कसाले वाईट व्हऊ?"

"आते सांगीसन काय उपेग?" पुष्पाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात खरी हळहळ होती. "चाळीसगावले सांगाले कोन जाई? अन् गयं, तरी मानी कोन?"

द्रौपदाबाईनं डोळ्यांवर पदर ओढला आणि टोपलीत हात घातला. नऊ लाटणी निघाली.

रामनवमीनंतर मंजुळाबाईनं एक दिवस आपला आपणच ठरवला. पीठ भिजवलं, दगडावर तेल फिरवलं. सुमन म्हणाली, मी धरते दुसरी मुसळी. मंजुळाबाई म्हणाली, नको, तू लाट. तिनं एकटीनं कुटायला घेतलं. धप्. गोळा पलटला. धप्. दहा-बारा घावांनंतर ती थांबली आणि कान भिंतीला लावला. पलीकडं काही नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदाच ते घर गप्प होतं. आवाज आता अलीकडे आला होता.

सुमन बाभळीच्या लाटण्यानं लाटत होती. हात जलद, मनगट सैल, अगदी लिलाबाईसारखं. दुपारी ती पापड घेऊन धाब्यावर गेली. मंजुळाबाई मागोमाग चढली. प्रत्येक धाब्यावर एकेक बाई होती, आणि प्रत्येकीला काहीतरी काम होतं.

तर बेरीज अशी. मंजुळाबाईला एक दिवस हवा होता, तो मिळाला, आणि त्या दिवशी ऊनही कडक पडलं. पुष्पाबाईला दोन वर्षं पुरेल एवढं बोलायला मिळालं. द्रौपदाबाईचा मान होता तिथंच राहिला. बाकी सातजणींना काही मिळालं नाही आणि त्यांचं काही गेलंही नाही. लिलाबाईचं गाव गेलं, हात तेवढा तिच्याजवळ राहिला. आणि जी या सगळ्यात कुणाबद्दल एक शब्द बोलली नव्हती, विचारल्यावर फक्त खरं सांगून बसली होती, ती एकोणिसाव्या वर्षी बापाच्या धाब्यावर पदर डोक्यावर ओढून पापड उलटत होती, आणि चाळीसगावहून तिला न्यायला कुणी आलेलं नव्हतं.